गिरणी ‘ऑन हर लास्ट लेग्ज’ होती : मराठीत काय म्हणाल?

कृष्णाकाठ | १२ जुलै, रात्री १०.४०

एका वाक्यापाशी चार दिवस अडकले आहे. इथे भाषेची जाण असलेली आणि गिरणी जवळून पाहिलेली, दोन्ही प्रकारची माणसं आहेत, म्हणून विचारते.

माझी मैत्रीण लग्न होऊन इंग्लंडमधल्या लँकेशायरला गेली, त्याला पंचवीस वर्षं झाली. तिच्या सासूबाई बर्नलीच्या कापडगिरणीत विणकर होत्या. पंधराव्या वर्षी कामाला लागल्या आणि गिरणीला कुलूप लागेपर्यंत तिथेच राहिल्या. नातवंडांसाठी त्यांनी दोन वह्या भरून आठवणी लिहिल्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. मैत्रिणीचे वडील, म्हणजे त्यांचे व्याही, लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. व्याही-विहिणीची भेट उभ्या आयुष्यात दोनदा झाली, तीही मैत्रीण मधे बसून दोघांचं एकमेकांना सांगत होती म्हणून. काकांना आता त्या वह्या वाचायच्या आहेत आणि इंग्रजी येत नाही. म्हणून मी मराठी करते आहे. छापायचं नाही. वाचणारा एकच आहे, पण त्याला साचा म्हणजे काय ते माझ्यापेक्षा शंभरपट कळतं.

वाक्य असं आहे : गिरणी तेव्हा ‘ऑन हर लास्ट लेग्ज’ होती आणि आम्ही बाया तिला दंडाला धरून रोज चालवत होतो. दुसरा अर्धा भाग सरळ होता, तो झाला. पहिला होत नाही. कोशात ‘मरणासन्न’, ‘मोडकळीला आलेला’, ‘अखेरच्या अवस्थेतला’ असे अर्थ मिळतात. ‘गिरणी मरणासन्न होती आणि आम्ही तिला दंडाला धरून चालवत होतो’ हे मोठ्याने वाचून पाहा. मरणासन्न माणसाला कोणी चालवत नाही. बाईंनी पहिल्या भागात पाय दिले म्हणून दुसऱ्या भागात चालणं आलं. ‘शेवटच्या पायांवर’ असं शब्दाला शब्द ठेवून लिहिलं तर काका तिथेच थांबतील.

तुमच्या घरात, गावात, कामाच्या ठिकाणी अशा गोष्टीला काय म्हणतात? अजून चालू आहे, पण फार दिवस चालणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, अशी गोष्ट.


पाणकावळा | १२ जुलै, रात्री ११.१५

‘शेवटच्या घटका मोजत होती.’ इतकं रुळलेलं असताना दुसरं कशाला शोधायचं?


निशिगंधा | १३ जुलै, सकाळी ७.०५

मला ‘घरघर लागली होती’ जास्त जवळचं वाटतं. साखर कारखाना, मराठी शाळा, जुनं नाट्यगृह, सगळ्यांबद्दल वर्तमानपत्रं हेच लिहितात. शिवाय यंत्राचाही घरघर आवाज येतो, त्यामुळे गिरणीला शोभेल.


जुनी पोथी | १३ जुलै, सकाळी ९.३०

पाणकावळा, घटकेबद्दल थोडं. घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवस-रात्र मिळून ६०. ती मोजायला तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. वाटी पाण्यावर सोडायची, भोकातून पाणी आत चढत जातं आणि घटका भरली की वाटी बुडते. आमच्या आजोळी लग्नात मुहूर्तासाठी घंगाळात अशी वाटी सोडलेली मी लहानपणी पाहिली आहे. सगळे त्या वाटीकडे टक लावून बसलेले असायचे. ‘घटका भरली’ हा शब्द तिथला. म्हणजे ‘शेवटच्या घटका मोजणे’ यात कोणीतरी काही न करता बसून वाटी बुडायची वाट पाहतंय. कृष्णाकाठ यांच्या वाक्यातल्या बाया तर कामाला जुंपलेल्या आहेत. तिथे हे बसत नाही.

इंग्रजी वाक्प्रचाराचं मूळ सांगतो, कारण त्यातही गंमत नाही, दुःखच आहे. तो सतराव्या शतकातल्या एका नाटकात सापडतो. ‘दि ओल्ड लॉ’ हे त्याचं नाव, छापलं गेलं १६५६ साली, मुखपृष्ठावर मॅसिंजर, मिडलटन आणि राउली अशी तीन नावं आहेत. कथानकातला कायदा असा की पुरुष ८० वर्षांचा आणि बाई ६० वर्षांची झाली की राज्याला उपयोग संपला, म्हणून ठार मारायचं. एका म्हाताऱ्याची तरुण बायको त्या दिवसाची वाट पाहत बसली आहे आणि तिच्याभोवती पुढचे उमेदवार जमले आहेत. त्या बोलण्यात आधी नवऱ्याचा ‘शेवटचा तास’ येतो आणि पाठोपाठ ‘शेवटचे पाय’. तो म्हातारा बिचारा दाढी रंगवतो, त्या पोरांबरोबर नाचायची, तलवारीची, दारू पिण्याची पैज लावतो, आपण अजून तरुण आहोत हे दाखवायला. पायांवर उभा राहायची त्याची धडपड डोळ्यांसमोर आणून मग तो शब्द ऐका.

पाय अनेक आणि त्यातले हे ‘शेवटचे’, असं का, याचं माझ्यापुरतं उत्तर असं : ग्रीकांचं जुनं कोडं आहे ना, सकाळी चार पाय, दुपारी दोन, संध्याकाळी तीन. काठीसकट मोजले तर म्हातारपणाचे पाय ते शेवटचे पाय. याला आधार नाही, मला तसं दिसतं एवढंच.


स्टेथोस्कोप | १३ जुलै, दुपारी १.५०

निशिगंधाताई, घरघरीला माझा विरोध आहे आणि तो अनुभवातून आहे. मी वीस वर्षं तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरकी करते. माणूस अगदी शेवटाला आला की गिळण्याची ताकद जाते, घशातला ओलावा तिथेच साठतो आणि श्वास त्यातून जाताना तो आवाज होतो. घरातली वडीलधारी माणसं माझ्याआधी ओळखतात. गंगेची लोटी बाहेर येते, लांबच्या मुलांना फोन जातात. काही तास, फार तर दोन-तीन दिवस. त्या वेळी माणूस आडवा असतो, बहुतेक वेळा शुद्धीत नसतो.

तुमची गिरणी अशी किती दिवस चालली होती, हे आधी सांगा.


कृष्णाकाठ | १३ जुलै, रात्री ९.२०

डॉक्टर, फार बरं विचारलंत. मोजायला बसले तेव्हा माझी मलाच धडकी भरली.

१९१३ साली लँकेशायरमधून सुमारे ७०० कोटी यार्ड कापड परदेशी गेलं. त्यातलं ३०० कोटी यार्डांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात आलं. पहिल्या महायुद्धानंतर ही बाजारपेठ हातातून सुटत गेली. जपानी कापड आलं, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, आयातीवर जकात बसली, स्वदेशीची चळवळ झाली. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरमधल्या डार्वेनला जाऊन कामगारांना भेटले. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात ते उभे आहेत आणि बायका तोंडभर हसताहेत, तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. मग १९५९ मध्ये तिथल्या सरकारनं कायदा केला. जुने माग आणि सूत कातायच्या चात्या मोडीत काढतील त्या मालकांना पैसे मिळू लागले. बाईंनी लिहिलंय की माणसं घण घेऊन आली आणि शेजारच्या खात्यातले माग फोडले. तो आवाज मागांच्या आवाजापेक्षा वेगळा होता, म्हणून तो भिंतीपलीकडूनही ऐकू यायचा. त्यानंतरही त्या पुढे कितीतरी वर्षं कामावर जात होत्या.

बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल, वाफेच्या इंजिनावर चालणारी जगातली शेवटची विणगिरणी, थांबली १९८२ साली. आणि त्याच वर्षी १८ जानेवारीला आपल्याकडे मुंबईचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. व्याही आणि विहीण यांच्या गिरण्यांची वर्षं अशी एकमेकांना चिकटलेली आहेत, हे मला वह्या हातात येईपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणजे तिकडचा उतार साठ वर्षांचा. बाईंनी ज्या काळाबद्दल ते वाक्य लिहिलंय तोच बारा-तेरा वर्षांचा आहे. बारा वर्षं कुणाला घरघर लागत नाही.


निशिगंधा | १३ जुलै, रात्री ९.४५

पटलं. माझी घरघर मागे घेते.


बोल्टनवासी | १४ जुलै, पहाटे ३.३०

बर्नलीपासून तासाभरावर राहतो, त्यामुळे रोजच्या वापरातलं सांगू शकतो. इकडे हा शब्द आज सगळ्यात जास्त घरातल्या वस्तूंना लागतो. बॉयलर, कपड्यांचं मशीन, जुना सोफा, चालायचे बूट. ‘अजून एक हिवाळा काढेल’ असा त्यात भाव असतो. वस्तू फेकून देण्याआधीची माया म्हणा. माणसाबद्दल त्याच्या माघारी म्हणतात, तोंडावर म्हणणं वाईट दिसतं. तेव्हा ‘मरणासन्न’ फारच जड आहे. कुणी आपल्या कपड्यांच्या मशीनला मरणासन्न म्हणत नाही.

आणखी एक. ‘लेग’ एकवचनी आला की अर्थ पार बदलतो. ‘लास्ट लेग’ म्हणजे प्रवासाचा किंवा रिले शर्यतीचा शेवटचा टप्पा. शिडाची होडी वारा एका अंगाला धरून एका दमात जेवढं अंतर कापते त्यालाही लेग म्हणतात. तिथे शेवट म्हणजे पोहोचणं, आनंदाची गोष्ट. अनेकवचन झालं की कोसळणं. एका मराठी बातमीत मी ‘प्रकल्प अखेरच्या टप्प्यात’ असं वाचलं होतं आणि मूळ इंग्रजीत तो प्रकल्प गुंडाळायच्या बेतात होता. एवढ्याशा फरकानं वाचकाला उलटी बातमी गेली.

क्वीन स्ट्रीट मिलचं आता संग्रहालय झालंय. मी मुलांना घेऊन गेलो होतो. इंजिनाचं नाव ‘पीस’, म्हणजे शांतता, ५०० अश्वशक्तीचं. आधी त्याचं नाव दुसरं होतं, पहिलं महायुद्ध संपल्यावर हे ठेवलं. शेडमध्ये तीनशेच्या वर माग ओळीनं उभे आहेत. त्यातले अगदी मोजके चालवून दाखवले तरी शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. सगळे चालू असताना काय होत असेल! विणकर बायका ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलायच्या. त्या बोलण्याला तिकडे ‘मी-मॉइंग’ म्हणतात. वहीत हा शब्द आला असेल तर तसाच ठेवा.


कृष्णाकाठ | १४ जुलै, सकाळी ८.१०

आलाय, आणि मला ती लिहिण्यातली चूक वाटली होती. तुमचे उपकार. त्यांनी लिहिलंय की घरी आल्यावरही त्या तसंच बोलायच्या आणि धाकटा मुलगा ओरडायचा, ‘आई, मला ऐकू येतं!’


रानपाखरू | १४ जुलै, सकाळी १०.००

‘हत्ती गेला आणि शेपूट राहिलं’ कसं वाटेल?


पाणकावळा | १४ जुलै, सकाळी १०.२५

ते काम संपत आल्याचं झालं. घर बांधून झालं, रंग राहिलाय, तेव्हा हत्ती जातो. इंग्रजीत त्याला ‘होम स्ट्रेच’ म्हणतील, घोड्यांच्या शर्यतीत शेवटच्या वळणानंतरची सरळ धाव. संपणं आणि पुरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इंग्रजीतही आणि आपल्याकडेही.

जाता जाता, ‘अकराव्या तासाला’ लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती. बायबलात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. सूर्योदय ते सूर्यास्त बारा तास, त्यातल्या अकराव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराला, कामावर घेतलेल्यांनाही त्यानं पूर्ण दिवसाची मजुरी दिली. मराठी वाचकाला अकरावा तास म्हणजे रात्रीचे अकरा वाटतात. ‘ऐनवेळी’ हा शब्द आपल्याकडे धडधाकट आहे.


सोनचाफा | १४ जुलै, दुपारी ४.१५

मी जरा वेगळ्या बाजूनं येते. शेवट आला असं आपण मराठी माणसं सरळ म्हणतो का? माझी आई कधी म्हणायची नाही. बांगडी फुटली तर ‘वाढवली’. नारळ फोडायचा नाही, ‘वाढवायचा’. डबीतलं कुंकू संपलं तर ‘कुंकू वाढलं’. माझ्या वडिलांचं बाजारपेठेत किराणा दुकान होतं. रोज रात्री साडेआठला ते फळ्या लावायला घ्यायचे तेव्हा म्हणायचे, ‘चला, दुकान वाढवू या.’ बंद करू या म्हटलं की आजोबा रागावत. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’.

वडील थकले आणि दुकान कायमचं बंद करायचं ठरलं, त्या रात्रीसुद्धा त्यांच्या तोंडून तेच आलं. ‘वाढवू या.’ शेवटची फळी मी लावली. माझ्या हातात कुलूप होतं आणि मला वाटलं, उद्या उघडणारच आहोत.

तेव्हा ‘गिरणी वाढवायची वेळ आली होती’ असं करता येईल का, पाहा.


कृष्णाकाठ | १४ जुलै, सायंकाळी ६.५०

सोनचाफा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. या वाक्यात ते बसणार नाही असं वाटतं, कारण वाढवतो तो धनी, आपल्या हातानं, आपल्या इच्छेनं. या बायांच्या हातात गिरणी वाढवणं नव्हतं. पण दुसऱ्या वहीच्या शेवटी एक जागा आहे. शेवटच्या पाळीला प्रत्येकीनं आपापले माग पुसले, तेल घातलं आणि मग पट्टा सोडला. उद्या कोणी चालवणार नव्हतं, तरी तेल घातलं. तिथे मी ‘माग बंद केले’ लिहिलं होतं. ते आता बदलते आहे. ‘माग वाढवले’ असंच लिहीन.


मागपेटी | १४ जुलै, रात्री १०.३०

इचलकरंजीतून लिहितोय. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून आमच्या गावात या विषयाशिवाय बोलणं नाही. तुम्ही मुंबईकडचे त्याला साचा म्हणता, आम्ही माग म्हणतो. आमच्या घरी आठ माग होते, साधे, धोट्याचे, म्हणजे आडवा धागा धोट्यानं इकडून तिकडे नेणारे. लँकेशायर पद्धतीचाच तो माग, १८४२ साली ब्लॅकबर्नला दोघांनी काढलेला. वर्षं बघा आणि आमच्या शेडमधला माग बघा, रचना फारशी हलली नव्हती. आता त्यातले सहा वजनावर गेले. माग वजनावर जातो तेव्हा लोखंडाचा भाव मिळतो, मागाचा नाही.

आमच्याकडं तुमच्या त्या इंग्रजी शब्दाला काय म्हणतात सांगू? ‘बसायला आलाय.’ माग बसायला आलाय. मोटर बसायला आलीय. धंदा बसायला आलाय. दुसरं कुणी काही म्हणत नाही.

आणि हा शब्द कुठून आला ते मला आजोबांनी दाखवलं होतं. आमची थोडी शेती होती शिरोळच्या बाजूला. औताला जुंपलेला बैल वयानं थकला की नांगराच्या तासाच्या मधेच पाय दुमडतो आणि बसतो. एकदा बसला की उठवायला चार माणसं लागतात. त्याच्या आधी आठ-पंधरा दिवस मागच्या पायांत थरथर दिसते. आजोबा म्हणायचे, ‘हा बसायला आलाय, याला उन्हाचा जुंपू नको.’ म्हणजे अजून ओढतोय, पण पाय सांगताहेत. तुमच्या बर्नलीच्या आजींनी लिहिलंय ते हेच नव्हे का?


जुनी पोथी | १४ जुलै, रात्री ११.०५

मागपेटी, तुम्ही मोठं दार उघडलंत. आता आठवून पाहतो : विहीर बसते, भिंत बसते, टायर बसतं, घसा बसतो, धंदा बसतो, बँक बसते. ज्याला पाय नाहीत तेही मराठीत बसतं. म्हणजे त्याआधी ते उभं होतं किंवा चालत होतं, हे आपण न बोलता धरलेलं आहे. आपण बाहेरून पाय आणायला निघालो होतो आणि ते क्रियापदातच होते. ‘बसायला आली होती’ला माझं पूर्ण अनुमोदन.


रानपाखरू | १५ जुलै, सकाळी ७.४०

‘कशीबशी उभी होती’ पण चालेल की. त्यात पाय अगदी सरळ दिसतात.


भोंग्याची लेक | १५ जुलै, सकाळी ११.२०

रानपाखरू, ते नका करू. मी परळच्या चाळीत वाढले, माझे बाबाही साचेखात्यात होते. गिरणगावात ‘उभी’ म्हणजे बंद. साचा उभा आहे म्हणजे धागा तुटलाय किंवा बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, संपलंय, कापड निघत नाही. गाडी स्टँडवर उभी असते ना, तशी. संपानंतर आमच्या खिडकीतून दिसणारी गिरणी वर्षानुवर्षं उभी होती. चिमणी उभी, भिंती उभ्या, आत काही नाही. काकांनी ‘उभी होती’ वाचलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर तीच येईल आणि वाक्याचा अर्थ उलटा होईल. त्या बाईंची गिरणी चालत होती, हेच तर तिला सांगायचंय.

आमच्याकडे गिरणीच्या तीनच तऱ्हा. चालते, उभी आहे, बसली. पहाटे भोंगा झाला की चालते. भोंगा नाही झाला की आया दारात येऊन विचारायच्या, ‘उभी आहे की बसली?’ या दोन शब्दांत आमच्या घरच्या महिन्याचा फरक होता. उभी असेल तर पगार उशिरा येणार. बसली असेल तर बाबा गावी जाणार, आणि आम्हीही.

माझी एकच शंका आहे. ‘बसली’ हा शब्द आमच्यासाठी फार मोठा आहे. ‘बसायला आली होती’ म्हटल्यावर त्यातली भीती येते, ती इंग्रजीत आहे का? बोल्टनवासी म्हणतात तिकडे तो शब्द सोफ्याला आणि बुटांनाही लागतो. आपण काकांना जास्त भारी शब्द तर देत नाही ना?


बोल्टनवासी | १५ जुलै, दुपारी २.४०

तुमची शंका रास्त आहे, पण लिहिणारी बाई कोण ते पाहा. सोफ्याबद्दल बोलणाऱ्याचा तोच शब्द आणि गिरणीबद्दल बोलणाऱ्या विणकर बाईचा तोच शब्द यांत वजनाचा फरक आहेच. एका गिरणीवर अख्खी गल्ली जगायची. उन्हाळ्यात ठरलेल्या आठवड्याला सगळ्या गिरण्या एकदम बंद व्हायच्या, त्याला ‘वेक्स वीक’ म्हणत, आणि अख्खं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं. इतकं सगळं एका भोंग्याला बांधलेलं. त्या बाईनं ‘लास्ट लेग्ज’ लिहिलं तेव्हा पोटात गोळा आला नसेल असं मला वाटत नाही.


मागपेटी | १५ जुलै, दुपारी ३.००

शिवाय ‘बसायला आली’त अजून जीव आहे हे येतं. बसली असं नाही म्हटलेलं. माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जॉबरला विचारा, तो ‘बसायला आलाय’ म्हणाला की आम्ही आणखी दोन वर्षं त्याच्याकडून काम काढतो. इथं पट्टी बदल, तिथं धोट्याला ठोसा देणारा पिकर बदल, असं करत.


वैनगंगेकाठी | १५ जुलै, सायंकाळी ५.१०

आमच्याकडं भंडाऱ्यात ‘बसाले आली’ म्हणतात. शब्द तोच. विदर्भातही चालेल, एवढं सांगायला आलो.


स्टेथोस्कोप | १५ जुलै, रात्री ८.३०

वैद्यकाच्या दृष्टीनंही हेच बरोबर. म्हाताऱ्या माणसाचं पहिलं काय जातं विचाराल तर खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं जातं. आम्ही तेच तपासतो. उठा, चार पावलं चाला, परत येऊन बसा. ज्याला दंडाला धरावं लागतं तो अजून चालतो, पण आम्ही घरच्यांना सांगतो की न्हाणीघरात पकडायला दांडा लावून घ्या. तुमच्या बाईंनी ‘दंडाला धरून’ लिहिलंय ते अगदी नेमकं आहे.


कृष्णाकाठ | १७ जुलै, रात्री ९.५०

दोन दिवस आले नाही, कारण मुंबईला गेले होते.

वाक्य असं झालं : ‘गिरणी बसायला आली होती आणि आम्ही बाया तिला दंडाला धरून रोज चालवत होतो.’ ‘चालवणे’ हा शब्द गिरणीलाही लागतो आणि म्हाताऱ्या माणसालाही. इंग्रजीत बाईंना पायांची वेगळी तजवीज करावी लागली, मराठीत ते आपोआप जमून आलं. भोंग्याची लेक, तुमच्यामुळे ‘उभी’ टळली. त्या शब्दानं मी सगळं घालवलं असतं आणि मला कळलंही नसतं.

काकांना पहिल्या वहीची बारा पानं वाचून दाखवली. डोळ्यांना आता कमी दिसतं, म्हणून मीच वाचत होते. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. या वाक्यापाशी माझा आवाज जरा हळू झाला असेल, कारण मी त्यांच्याकडे बघत होते. ते काही म्हणाले नाहीत. मान हलवली, पुढे वाच अशी खूण केली. त्यांना त्या वाक्यात थांबण्यासारखं काहीच वाटलं नाही.

दोन पानं पुढे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, ‘विहीणबाईंकडे साचे किती होते?’

मी मागची पानं चाळून सांगितलं, आधी चार, नंतर सहा.

‘सहा,’ ते म्हणाले. ‘आम्हाला दोन होते. पुढे चार झाले तर किती बोंबाबोंब केली आम्ही.’ मग बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. धोटा बदलायला किती वेळ, एका साच्यापासून सहाव्यापर्यंत जायला किती पावलं. शेवटी म्हणाले, ‘भेटल्या तेव्हा विचारायला हवं होतं. दोनदा भेटलो आणि दोन्ही वेळा हवापाण्यावर बोललो.’

उरलेली वही पुढच्या रविवारी वाचायची आहे. मागपेटी, पिकर आणि पट्टी यांना साचेखात्यात काय शब्द होते ते काकांना विचारून इथे लिहीन. वहीत त्या दोन्हींचं बरंच आहे.


भोंग्याची लेक | १७ जुलै, रात्री १०.१५

ताई, रविवारी जाल तेव्हा एक विचाराल का? संपाच्या आदल्या पाळीला त्यांच्या साच्यावर कापड कुठपर्यंत आलं होतं? माझे बाबा ते शेवटपर्यंत सांगायचे. साडेतीन वार राहिलं होतं, म्हणायचे.